आईची फॅमिली पेन्शन: ८० नंतरचे २० टक्के लागलेच नाहीत, जायचं कुठे?

डोंबिवली_फास्ट यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे पण एकदा नीट वाचा.

आमचे वडील रेल्वेत फिटर, १९९६ ला ५८ पूर्ण झाल्यावर रिटायर झाले, २०१६ मध्ये गेले. तेव्हापासून आईला फॅमिली पेन्शन सुरू आहे, एका सरकारी बँकेत जमा होते. आई गावाला मोठ्या भावाकडे असते आणि मी इकडे डोंबिवलीला, त्यामुळे पासबुक कोणी बारकाईने बघायचा प्रश्नच नव्हता, पैसे येतायत ना मग झालं. बेसिक १२,३०० आहे, त्यावर जुलै २०२५ पासूनची ५८ टक्के महागाई धरून १९,४३४ येतात.

तर यंदा दिवाळीला गावी गेलो होतो आणि वडिलांच्या वर्कशॉपमधले एक जुने काका फराळाला आले, बोलता बोलता म्हणाले वहिनींना ८० होऊन गेली ना, मग २० टक्के वाढून मिळत असतील. मी उठलो आणि पासबुकच काढलं. कसलं काय, बेसिक तेच आहे जे पाच वर्षांपूर्वी होतं. दुसऱ्या आठवड्यात बँकेत गेलो तर काउंटरवर सांगितलं की ते सिस्टीमला आपोआप लागतं, लागलं नाही म्हणजे तुम्हाला बसत नसेल. मॅनेजर साहेब म्हणाले वर कळवतो. वर म्हणजे कुठे ते काही सांगितलं नाही.

मग घरी येऊन पत्र्याच्या पेटीतून पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) काढला. त्यात वडिलांची जन्मतारीख आहे, आईचं नाव आहे, पण आईच्या जन्मतारखेचा रकाना कोरा!! आईचा चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला आहे त्यावर १२ मार्च १९४३ आहे, पॅनवर पण तीच. आधारवर मात्र ०१/०१/१९४६, कारण गावात कॅम्प लागला होता तेव्हा त्या पोराने विचारलं आजी वय किती, आजी म्हणाली असेल पासष्ट, त्याने टाकून दिलं. शिवाय पीपीओवर आईच्या नावाला 'बाई' लावलेलं आहे आणि आधार-पॅनवर नुसतं नाव आहे.

तर हे २० टक्के खरंच लागू आहेत का, असतील तर मागचे पैसे मिळतात का, आणि नेमकं कुणाच्या दारात जायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर तर एक फिरतंय की ७९ संपलं की लागतं आणि दुसरं फिरतंय की ६५ पासूनच ५ टक्के सुरू झालं. आणि आता नोव्हेंबर आलाच आहे तर हयातीच्या दाखल्याचं पण सांगा, कारण आईच्या बोटांचे ठसे मशीन घेतच नाही, मागच्या वर्षी सेतूवाल्याने दहाही बोटं लावून बघितली आणि हात टेकले. ती आता जिना उतरत नाही.

---

सेटलमेंट_काका

मी रेल्वेच्या पर्सनल ब्रांचमधून (कर्मचारी विभागातून) रिटायर झालोय, आयुष्य सेटलमेंटच्या, म्हणजे रिटायर झालेल्यांच्या पेन्शन-देण्यांच्या फायलींतच गेलं म्हणून लिहितो.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. हो, लागू आहे, शंभर टक्के. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. हे जसं पेन्शनरला तसंच फॅमिली पेन्शनरला. ज्या महिन्यात वाढदिवस येतो त्या महिन्याच्या १ तारखेपासून धरतात, म्हणजे तुमच्या आईंचं १ मार्च २०२३ पासून सुरू व्हायला हवं होतं.

आता रकाना कोरा का ते सांगतो, म्हणजे उगाच कुणावर चिडणार नाही. ही ८० नंतरची वाढ सहाव्या वेतन आयोगाने आणली, १ जानेवारी २००६ पासून. तुमचे वडील रिटायर झाले ९६ ला. त्या काळात बायकोची जन्मतारीख कुणाला कशाला लागणार होती? नाव, नातं, जॉइंट फोटो, अंगठा किंवा सही, की फाईल पुढे. त्यामुळे त्या काळच्या ढिगाने पीपीओंवर बायकोची तारीख नाहीच, आणि बँकेचा कॉम्प्युटर तारखेवर चालतो, तारीखच नाही तर ८० झाली हे त्याला कळणार कसं. "आपोआप लागतं" हे पेन्शनर स्वतः हयात असेपर्यंत बहुतेक वेळा खरं असतं कारण त्याची तारीख सर्व्हिस रेकॉर्डवर असते. विधवा बाईंच्या बाबतीत ते तिथेच अडकतं, आणि गंमत बघा, ८० च्या पुढे पोचणाऱ्यांत त्याच जास्त.

म्हणून बँकेच्या शाखेत चकरा मारू नका. शाखेच्या हातात ते नाही. वडील ज्या डिव्हिजन किंवा वर्कशॉपमधून रिटायर झाले तिथल्या पर्सनल ब्रांचचा सेटलमेंट सेक्शन गाठा. साधा अर्ज करा, फॅमिली पेन्शनरची जन्मतारीख पीपीओवर नोंदवून सुधारित पीपीओ मिळावा म्हणून. सोबत पीपीओची कॉपी, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईंचा पॅन, शाळेचा दाखला, पासबुकचं पहिलं पान. सगळ्यावर आईंची सही किंवा अंगठा. तिथे वेल्फेअर इन्स्पेक्टर असतो, त्याला भेटा, त्याचं कामच ते आहे आणि चांगला भेटला तर तुमचा अर्धा त्रास वाचतो. पर्सनलकडून फाईल अकाउंट्सला जाते, तिथून सुधारणा बँकेच्या सीपीपीसीला (जिथून पेन्शन निघते त्या केंद्राला) जाते आणि एक कॉपी तुम्हाला येते.

एक करा, त्याआधी घरात दुसरा पीपीओ आहे का बघा. सातव्या आयोगानंतर जुन्या पेन्शनरांचे रिवाइज्ड पीपीओ निघालेत, पोस्टाने आलेला पाकीटबंद कागद कुठेतरी देवघराच्या फडताळात पडलेला असतो. त्यावर तारीख असेल तर काम एकदम सोपं होईल.

---

रत्नांग्रीचो_झिलगो

काका ८० कशाला, कोर्टाने सांगितलंय ना ७९ पूर्ण झालं की ८०वं वर्ष सुरू होतं, तेव्हापासून द्यायचं म्हणून. एक वर्षाचे जास्तीचे मागून घ्या दादा, सोडू नका.

---

सेटलमेंट_काका

झिलग्या, तो गुवाहाटी हायकोर्टाचा निकाल हायकोर्टाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या पेन्शनबद्दलचा आहे, त्यांचा कायदा वेगळा, त्यातली शब्दरचना वेगळी. आपल्याला ८० "पूर्ण" लागतात. ६५ ला ५ टक्के, ७० ला १०, ७५ ला १५ ही संसदीय समितीची शिफारस होती, आदेश निघालेला नाही. ते फॉरवर्ड करणाऱ्याला आदेशाचा नंबर विचारा म्हणजे ग्रुप शांत होतो. आणि अर्जात ७९ चा मुद्दा घुसडू नका हो, सरळ चाललेल्या फायलीला क्वेरी लावायला क्लार्कला आयतं निमित्त मिळतं.

---

खातेपुस्तक

काकांनी बरोबर सांगितलं, मी बँकेच्या बाजूचं सांगतो, ३० वर्षं काढलीत.

पेन्शन शाखेतून निघतच नाही, ती बँकेच्या सीपीपीसी म्हणजे सेंट्रलाइज्ड पेन्शन प्रोसेसिंग सेंटरमधून निघते. शाखेतल्या माणसाला स्क्रीनवर दिसतं, बदलता काही येत नाही, म्हणून तो "वर कळवतो" म्हणतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा कळवत पण नाही. तेव्हा तोंडी काही विचारू नका. लेखी अर्ज द्या आणि ओसीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का, सही, तारीख घ्या. त्या अर्जात दोनच गोष्टी मागा, एक म्हणजे सीपीपीसीच्या रेकॉर्डला फॅमिली पेन्शनरची जन्मतारीख काय दिसते ते लेखी सांगा, आणि दुसरं म्हणजे गेल्या तीन वर्षांचं महिनावार पेन्शन स्टेटमेंट द्या, त्यात बेसिक, जादा पेन्शन, महागाई सगळं वेगवेगळं दाखवलेलं असतं. नुसत्या पासबुकवरून भांडता येत नाही, तिथे एकच आकडा असतो.

थकबाकी मिळते, १ मार्च २०२३ पासूनची सगळी. मी बसून काढली. १२,३०० चे २० टक्के म्हणजे २,४६०, आणि या २,४६० वर पण महागाई मिळते हे बरेच जण विसरतात. मार्च ते जून २३ महागाई ४२ टक्के होती, मग ४६, मग जानेवारी २४ ला ५०, जुलैला ५३, जानेवारी २५ ला ५५ आणि जुलै २५ पासून ५८. या हिशोबाने ऑक्टोबर २०२५ अखेर १,१८,६७० च्या आसपास होतात. आणि पुढे दर महिना ३,८८७ जास्तीचे. ही छोटी रक्कम नाही, आईंचं औषधपाणी त्यात निघेल. हा कागद अर्जाला जोडा, म्हणजे नंतर बँकेने काही भलतंच जमा केलं तर कळेल तरी.

व्याजाचं पण विचाराल म्हणून सांगतो. बँकेने उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे ८ टक्क्यांनी भरपाई मिळते, ती न मागता द्यायची असते. पण तुमच्या केसमध्ये पीपीओवर तारीखच नव्हती, त्यामुळे आजपर्यंतच्या उशिराचं व्याज बँकेवर लावता येणार नाही, त्यासाठी लढून वेळ घालवू नका. सुधारित पीपीओ सीपीपीसीत पोचल्यानंतर जर ते बसून राहिले तर मात्र सोडू नका.

टॅक्सचं म्हणाल तर या आकड्याला काही लागत नाही. फॅमिली पेन्शन पगारात धरत नाहीत, इतर उत्पन्नात धरतात, त्यातून नवीन करपद्धतीत २५ हजारांपर्यंत वजावट पण मिळते.

---

माईची_धाकटी

दाखल्याचं मी सांगते कारण आमच्या माईचं (८६) हेच रडगाणं होतं, आयुष्यभर भांडी घासून, शेण गोळा करून बोटांवर रेघच उरली नाही तर मशीन काय वाचणार.

दादा बोटांचा नाद सोडा, चेहऱ्यावरून करा, मोबाईलवर घरच्या घरी होतं, २०२१ पासून आहे ही सोय. दोन अ‍ॅप लागतात, एक आधार फेस आरडी आणि दुसरं जीवन प्रमाण. फेस आरडी आधी टाकायचं, ते उघडत वगैरे नाही, आयकॉनसुद्धा दिसत नाही, घाबरू नका, ते मागे बसून काम करतं. मग जीवन प्रमाणमध्ये आधी ज्याचा मोबाईल आहे त्याचा स्वतःचा चेहरा द्यावा लागतो, म्हणजे तुमचा किंवा भावाचा, ऑपरेटर म्हणून. त्यानंतर आईंची माहिती भरायची.

इथेच घोळ होतात. पेन्शनचा प्रकार विचारतात तिथे "फॅमिली" निवडा, पुष्कळ लोक "सर्व्हिस" ठेवून देतात आणि मग बँकेकडून दाखला रिजेक्ट होतो आणि आपल्याला वाटत असतं झालं. पीपीओ नंबर आणि खाते नंबर पासबुक समोर ठेवून टाका, आठवणीने नको.

फोटोच्या वेळी माईला मी सकाळी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, मागे पांढरी भिंत, चष्मा काढला, डोक्यावरचा पदर थोडा मागे घेतला. स्क्रीनवर गोल येतो, त्यात चेहरा नीट बसला की डोळे मिटून उघडायला सांगतं. माईला मोतीबिंदू झालेला, ती डोळे मिटायची आणि मिटूनच बसायची 😄 शेवटी वहिनी समोर उभी राहून स्वतः डोळे मिचकावायला लागली तेव्हा हिला कळलं काय करायचंय. झालं की प्रमाण आयडीचा मेसेज येतो. तो आयडी टाकून वेबसाईटवरून दाखला डाउनलोड करून ठेवा, आणि आठवड्याने बँकेत फोन करून "तुमच्याकडे दिसतोय का" हे विचाराच.

हेही नाही जमलं तर पोस्टमन घरी येतो, पोस्ट पेमेंट्स बँकेचे ७० रुपये घेतात, त्यांच्याकडे पण चेहऱ्याचं आहे. आणि अगदीच आडलं, माणूस अंथरुणावर आहे, काही म्हणजे काही करू शकत नाही, तर बँकेच्या माणसाला घरी यायला सांगायचं. अशा माणसाचे पैसे काढायचे असतील तर हाताचा नाहीतर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी लागतो, नियम आहे तसा.

हो आणि एक राहिलंच. ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघायची गरज नसते. यंदा तुमचा ऑक्टोबर गेलाच, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. नोव्हेंबर संपेपर्यंत नाही गेला तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते, नंतर दिला की मागचे पैसे मिळतात, पण तोपर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या जीवाला घोर.

---

पंचायत_समिती

आमच्या सासूबाई झेडपीच्या शिक्षिका होत्या म्हणून राज्यवाल्यांसाठी दोन ओळी लिहिते, कारण हा धागा वाचून कुणीतरी रेल्वेचं डीआरएम (डिव्हिजनल मॅनेजर) ऑफिस शोधत बसेल 😀 राज्य सरकारचं सगळं कोषागारातून चालतं, मुंबईत असाल तर अधिदान व लेखा कार्यालय, आणि झेडपीचं झेडपीकडूनच. नोव्हेंबरला बँकेत कोषागाराची यादी येते त्यावर आपल्या नावासमोर सही करायची, जीवन प्रमाण पण चालतं. वयाची वाढ राज्याच्या स्वतःच्या जीआरप्रमाणे असते, केंद्राचा आदेश दाखवून तिथे उपयोग नाही. जन्मतारखेचा कोरा रकाना मात्र दोन्हीकडे सारखाच 🙏

---

डोंबिवली_फास्ट

एवढं सगळं... मनापासून आभार सगळ्यांचे. रिवाइज्ड पीपीओ सापडला!! काका म्हणाले तसं देवघरात नाही पण वडिलांच्या रेल्वे पासांच्या फाईलमध्ये होता. त्यावर पण आईची तारीख नाहीच, पण बेसिक १२,३०० बरोबर आहे.

चेहऱ्याचा दाखला काल भावाने केला, दुसऱ्या फटक्यात झाला. फॅमिलीच निवडलंय ताई.

आता अडचण आधारची. भाऊ म्हणतोय आधी आधारवर १९४३ करून घेऊ, मग अर्ज करू, नाहीतर ते १९४६ बघून म्हणतील तुमच्या आईला अजून ८० झालीच नाहीत, पुढच्या जानेवारीत या. मला वाटतं त्यात महिने जातील. आणि 'बाई' चं काय करू? अजून एक, बँकेतून बोलतोय म्हणून आईला एक फोन आला होता, तुमचा दाखला अपडेट करायचा आहे ओटीपी सांगा. आईने फोन भावाकडे दिला तर कट केला समोरच्याने.

---

सेटलमेंट_काका

आधारसाठी थांबू नका. जन्मतारखेला शाळेचा दाखला आणि पॅन हे दोन कागद आहेत आणि दोन्ही जुळतात, त्यावर अर्ज करा, आधार त्या कामासाठी पुढे करूच नका. विचारलं तर सरळ सांगा की आधारची तारीख अंदाजे सांगितलेली आहे, १ जानेवारी बघितल्यावर कुठल्याही क्लार्कला कळतं. आधार नंतर सावकाश दुरुस्त करा, पण तिथे जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, तेव्हा कागद पक्के असल्याशिवाय हात लावू नका.

'बाई' साठी एक अ‍ॅफिडेव्हिट, की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. जन्मतारीख आणि नाव दोन्ही एकाच अर्जात मागा, दोनदा फाईल फिरवू नका.

गावी जाणार असाल तर डिसेंबरमध्ये डिव्हिजनची पेन्शन अदालत असते, त्याचे अर्ज आधी मागवतात, नोटीस बघून त्यातही टाकून द्या. नेहमीचा अर्ज तर द्यायचाच, पण अदालतीला केस लागली की फाईल टेबलावरून हलते हे मी स्वतः पाहिलंय, हलवलीही आहे. सीपेनग्राम्स या केंद्राच्या पेन्शन-तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार हा त्यानंतरचा उपाय.

अजून एक विचारतो, तुमचं गाव रेल्वेच्या दवाखान्यापासून किती लांब आहे? अडीच किलोमीटरच्या वर असेल आणि आई तिथे ओपीडीला जात नसतील, तर महिना १,००० रुपये मेडिकल अलाउन्स मिळतो. तो पण स्टेटमेंटमध्ये दिसत नसेल तर त्याच भेटीत वेल्फेअर इन्स्पेक्टरला विचारा. ओपीडी घेणार नाही असं लिहून द्यावं लागतं.

---

माईची_धाकटी

त्या फोनचं, तो नंबर ब्लॉक करा आणि १९३० ला कळवा. दाखल्यासाठी बँक कधीच फोन करून ओटीपी मागत नाही. दर नोव्हेंबरला हे लोक म्हाताऱ्यांच्याच मागे लागतात, यांच्याकडे नाव, पीपीओ नंबर सगळं असतं म्हणून खरं वाटतं. आईंच्या फोनवर भावाने कॉल बॅरिंग वगैरे काही नको, फक्त एवढंच सांगून ठेवा की पेन्शनचं कुणी बोललं की फोन लेकाला द्यायचा. त्यांनी तसंच केलं ते भारी केलं.

---

डोंबिवली_फास्ट

गाव रेल्वे हॉस्पिटलपासून चांगलं २२ किलोमीटर आहे काका, आणि आई गावातल्याच डॉक्टरकडे जाते. स्टेटमेंट मागितलंय बँकेत, ओसीवर शिक्का घेतला, मॅनेजर जरा बघतच राहिले. त्यात मेडिकल अलाउन्स आहे का बघतो आणि इथेच टाकतो. अ‍ॅफिडेव्हिटवर आईची सही चालेल ना, ती अजून मोडीवळणाची लांबलचक सही करते, की अंगठाच घ्यायचा?

---

सेटलमेंट_काका

सही येते तर सहीच घ्या. पीपीओवर, बँकेत आणि अर्जावर एकसारखी असली पाहिजे एवढंच बघा. थरथरली तरी चालेल.